पवनचक्कीमागचा कागद : युरोपीय तांत्रिक मानकांची घडण आणि साक्री तालुका

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेर ज्या पांझरेच्या खोऱ्यात वसले आहे त्याच्या आसपासच्या उघड्या पठारांवर, विशेषतः ब्राह्मणवेलच्या परिसरात, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्याच तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर वीजप्रकल्प सुरू झाला, ज्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने कर्ज दिले होते. या दोन्ही ठिकाणी जमीन खानदेशची आहे, वारा आणि ऊन खानदेशचे आहे, वीज महाराष्ट्राच्या जाळ्यात जाते; पण मनोरा किती वाऱ्याला टिकला पाहिजे, पात्याने किती वर्षे काम दिले पाहिजे, सौरपटलाची क्षमता किती तापमानाला मोजायची आणि गारपिटीचा मारा त्याने किती सोसायचा, हे ठरवणारे कागद मुख्यतः युरोपात, तिथल्या अभियंत्यांच्या समित्यांत लिहिले गेले आहेत. ते कागद कसे लिहिले जातात, अनेक देशांच्या वेगवेगळ्या कागदांचा एक कागद कसा होतो, आणि तो साक्रीच्या पठारावर येतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय काय येते, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

येथे मानक म्हणजे एखादी वस्तू, सेवा, पद्धत किंवा चाचणी कशी असावी याविषयी संबंधितांनी एकमताने मान्य केलेला आणि मान्यताप्राप्त संस्थेने प्रसिद्ध केलेला दस्तऐवज. एकमत या शब्दाचा अर्थ येथे सर्वांचा होकार असा घेतला जात नाही. महत्त्वाच्या एखाद्या पक्षाचा टिकून राहिलेला विरोध उरलेला नाही आणि आलेल्या प्रत्येक हरकतीचा विचार झालेला आहे, एवढेच त्यात अभिप्रेत असते. मानक हा कायदा नव्हे. वजने आणि मापे ही गोष्ट निराळी, कारण ती राज्यसत्तेने थेट हातात घेतलेली असते : शेर, पायली, मण, पल्ला आणि खंडी यांचा हिशेब बाजारागणिक बदलत असे, तो १९५६ च्या वजन-माप मानक कायद्याने आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान पद्धतीने मोडीत काढला, आणि तिथे व्यापाऱ्याच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. तांत्रिक मानक मात्र मुळात ऐच्छिक असते. कोणी कारखानदार ते न पाळता यंत्र बनवू शकतो. पण सरकारी आदेशात, निविदेच्या अटींत, बँकेच्या कर्जकरारात किंवा विमा पॉलिसीत त्या मानकाचा क्रमांक एकदा लिहिला गेला की ऐच्छिकपणा नावापुरता उरतो, आणि मानकांची खरी सत्ता या उल्लेखातून येते. शिवाजीनगरच्या प्रकल्पासारख्या ठिकाणी सावकार, खरेदीदार आणि पुरवठादार तीन वेगळ्या देशांत बसलेले असू शकतात, आणि त्यांच्यात विश्वासाला दुसरा सामायिक आधार फारसा नसतो.

नियम संबंधितांनी मिळून करायचा आणि एकदा झाला की विरोध करणाऱ्यानेही तो पाळायचा, ही रीत पांझरेच्या काठाला नवी नाही. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत नदीवरच्या बंधाऱ्याचे पाणी पाटाने शिवारात येते, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असतात, आणि एका फडात त्या हंगामात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवतात. स्वतःच्या तुकड्यात दुसरेच पीक लावण्याची मोकळीक एकट्याला नसते, कारण पाण्याच्या पाळ्या पिकावर अवलंबून असतात आणि एकाने वेगळे पीक घेतले की सगळ्यांची पाळी बिघडते. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असतो, पाटाची दुरुस्ती सामायिक असते, आणि टंचाईच्या वर्षी किती फड भिजवायचे हेही सर्वांनी मिळूनच ठरवायचे असते. युरोपातील मानकीकरणाशी या व्यवस्थेचे साम्य फार ताणण्यात अर्थ नाही, परंतु एक मुद्दा दोन्हीकडे अगदी सारखा आहे : सामायिक नियमाचा उपयोग त्याच्याशी विसंगत असे खासगी नियम मागे घेतल्याशिवाय होत नाही. युरोपाला हे मान्य करायला बराच काळ लागला.

राष्ट्रीय मानक संस्था युरोपात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये १९०१ साली पोलादी छेदांचे आकार ठरवण्यासाठी अभियंत्यांची समिती बसली आणि तिचीच पुढे ब्रिटिश मानक संस्था झाली. जर्मनीची डीआयएन ही संस्था १९१७ ची, म्हणजे महायुद्धातल्या शस्त्रनिर्मितीच्या गरजेतून आलेली. फ्रान्सची आफनोर १९२६ ची. प्रत्येक देशाने आपल्या कारखान्यांच्या सवयींप्रमाणे मानके लिहिली आणि ती देशांतर्गत उद्योगाला उपयोगीही पडली, पण १९५७ च्या रोम कराराने सहा देशांची सामायिक बाजारपेठ घडवायचे ठरले तेव्हा लक्षात आले की जकात शून्यावर आणली तरी यंत्र सीमेवर अडतेच, कारण पलीकडच्या देशाचे मानक वेगळे असते आणि तिथली चाचणी पुन्हा, पुन्हा पैसे मोजून, करावी लागते. जकात दिसते आणि तिच्यावर वाटाघाट करता येते. मानकाची आडकाठी सुरक्षिततेच्या नावाने उभी असते, म्हणून तिच्याविषयी बोलणेही अवघड. १९६१ मध्ये सेन ही युरोपीय मानकीकरण समिती स्थापन झाली, १९७३ मध्ये विद्युत क्षेत्रासाठी सेनेलेक आली, आणि १९८८ मध्ये दूरसंचारासाठी एत्सी. पहिल्या दोघींची कचेरी ब्रुसेल्सला आहे, तिसरीची फ्रान्सच्या दक्षिणेस सोफिया आंतिपोलिस येथे.

तरीही सुरुवातीची पंचवीसेक वर्षे काम रखडतच चालले, आणि याचे मुख्य कारण रचनेत होते. कोणत्या वस्तूत कोणता भाग किती जाडीचा असावा इथपर्यंतचा तपशील ब्रुसेल्सच्या कायद्यातच लिहायचा आणि त्यावर सर्व सदस्य देशांच्या सरकारांचा होकार मिळवायचा, अशी ती पद्धत होती. एका देशाने मान हलवली नाही की सगळे थांबे, आणि कायदा संमत होईपर्यंत तंत्रज्ञान पुढे गेलेले असे. १९७३ च्या कमी दाबाच्या विद्युत उपकरणांविषयीच्या निर्देशाने वेगळी वाट दाखवली, कारण त्यात कायद्याने सुरक्षिततेचे उद्दिष्ट सांगितले आणि तपशील मानकांवर सोपवला. त्यानंतर २० फेब्रुवारी १९७९ रोजी युरोपीय न्यायालयाने कासिस द दिजों या फ्रेंच मद्याच्या खटल्यात निकाल दिला. त्या मद्यात मद्यार्काचे प्रमाण जर्मन नियमापेक्षा कमी होते म्हणून ते जर्मनीत विकू दिले जात नव्हते. न्यायालयाने म्हटले की एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेली आणि विकली जाणारी वस्तू दुसऱ्या देशाने सार्वजनिक हिताचे सबळ कारण असल्याखेरीज अडवू नये. मद्याच्या बाटलीवरून सुरू झालेल्या या वादाने यंत्रांच्या बाजाराची दिशा बदलली, कारण आता सर्वच वस्तूंसाठी एकरूप नियम करण्याची गरज उरली नाही. जिथे आरोग्य आणि सुरक्षितता यांचा प्रश्न आहे तेवढ्याच क्षेत्रांत एकरूपता आणावी लागणार होती.

७ मे १९८५ रोजी मंत्रिपरिषदेने संमत केलेल्या ठरावातून आलेली नवी पद्धत याच समजुतीवर बेतलेली आहे. तिच्यानुसार कायदा फक्त अत्यावश्यक अपेक्षा सांगतो, उदाहरणार्थ यंत्राच्या फिरत्या भागाने चालकाला इजा होऊ नये. ही अपेक्षा कशी पूर्ण करायची याचा तपशील युरोपीय आयोग मानक संस्थांकडे मागतो. तयार झालेल्या मानकाचा संदर्भ युरोपीय संघाच्या राजपत्रात छापला की त्याला सुसंवादी मानक म्हणतात. आणि ते पाळून बनवलेली वस्तू कायद्याची अपेक्षा पूर्ण करते असे गृहीत धरले जाते. कारखानदाराला दुसरा मार्ग मोकळा असतो, पण मग आपला मार्गही तितकाच सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो, आणि हा भार उचलायला फारच थोडे तयार होतात. वस्तूवर दिसणारी सीई ही अक्षरे या सर्व व्यवस्थेची दृश्य खूण आहेत. भारतात ती गुणवत्तेची मोहोर समजली जाते, परंतु बहुसंख्य वस्तूंच्या बाबतीत ती कारखानदाराची स्वतःची घोषणा असते. भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याखाली, कारखान्याच्या तपासणीनंतर मिळणाऱ्या आयएसआय चिन्हाशी तिची बरोबरी करता येत नाही.

प्रत्यक्ष मानक घडण्याची प्रक्रिया संथ असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटते, पण तिच्यातल्या दोन कड्या नीट समजून घेण्याजोग्या आहेत. विषय स्वीकारला गेला की त्या विषयावर सदस्य देशांना आपले नवे राष्ट्रीय मानक काढता येत नाही. याला स्थगितीचे बंधन म्हणतात. मग तांत्रिक समितीत मसुदा तयार होतो, आणि प्रत्येक देशात तिला समांतर अशी राष्ट्रीय समिती असते, जिच्यात त्या देशातले उत्पादक, संशोधक, ग्राहकप्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी आपापसांत भांडून एक राष्ट्रीय भूमिका ठरवतात. युरोपच्या टेबलावर ती एकच भूमिका मांडली जाते. मसुदा सार्वजनिक अभिप्रायासाठी खुला होतो, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर दिले जाते आणि शेवटी मतदान होते. हे मतदान भारित असते, म्हणजे मोठ्या देशाच्या मताला अधिक वजन असते, आणि मंजुरीसाठी दीर्घकाळ किमान ७१ टक्के भारित मतांची अट होती. मानक मंजूर झाले की प्रत्येक सदस्य संस्थेला, तिने विरोधात मत दिलेले असले तरी, ते राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारावे लागते आणि त्याच्याशी विसंगत असलेले स्वतःचे मानक मागे घ्यावे लागते. युरोपीय व्यवस्थेचे सारे बळ या माघारीत आहे. जागतिक पातळीवरच्या आयएसओ किंवा आयईसी या संस्थांची मानके स्वीकारायची की नाही हे प्रत्येक देश ठरवतो. युरोपात ती मोकळीक ठेवलेली नाही.

या यंत्रणेला सगळेच साधले असे नाही, आणि तिचे सर्वांत ठळक अपयश प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे. घरगुती वापरासाठी सबंध युरोपात एकच प्लग आणि सॉकेट असावे यासाठी सेनेलेकने केलेला प्रयत्न १९९० च्या दशकात सोडून द्यावा लागला, कारण कोट्यवधी भिंती फोडण्याचा खर्च कोणी करायचा याचे उत्तर कोणत्याही समितीजवळ नव्हते. भारतातल्या घरांतले तीन गोल पिनांचे प्लग ज्या जुन्या ब्रिटिश मानकावरून आले, ते ब्रिटनने स्वतः १९४७ नंतर सपाट पिनांच्या प्लगसाठी मागे टाकले, आणि भारताने मात्र जपले. एकदा भिंतीत बसलेले मानक ते घालणाऱ्यापेक्षा जास्त टिकते.

पवनचक्क्यांच्या बाबतीत उलट घडले, आणि म्हणूनच हे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कमध्ये रिसो येथे १९७८ मध्ये पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र सुरू झाले, आणि सरकारी अनुदान हवे असेल तर या केंद्राची मान्यता हवी असा नियम आल्यामुळे केंद्राच्या चाचण्या आपोआपच उद्योगाच्या मानकांसारख्या वागू लागल्या. पुढे डेन्मार्कने डीएस ४७२ हे भारांविषयीचे मानक काढले, नेदरलँड्सने एनईएन ६०९६ काढले, आणि जर्मनीत जहाजांची वर्गवारी करणाऱ्या गेर्मानिशर लॉइड या संस्थेने पवनचक्कीला समुद्रातल्या जहाजाइतक्याच गांभीर्याने घेऊन स्वतःची मार्गदर्शिका लिहिली. तिन्ही कागदांत वाऱ्याचे गणित वेगळे होते, झोताची कल्पना वेगळी होती, आणि एका देशात मान्य झालेले यंत्र दुसऱ्या देशात विकण्यासाठी सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागे. त्यामुळे विषय आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाकडे, म्हणजे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या आणि जिनिव्हात मुख्यालय असलेल्या आयईसीकडे, गेला. त्याच्या ८८ व्या तांत्रिक समितीने १९९४ मध्ये पहिले मानक दिले, जे पुढे क्रमांकपद्धती बदलल्यावर आयईसी ६१४००-१ या नावाने ओळखले जाऊ लागले. सेनेलेक आणि आयईसी यांच्यात १९९६ मध्ये ड्रेसडेन येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये फ्रँकफर्ट येथे नव्याने झालेल्या करारांनुसार आयईसीचा मसुदा दोन्ही ठिकाणी समांतर मतदानाला जातो, त्यामुळे जागतिक मानक आणि युरोपीय मानक एकाच वेळी, एकाच मजकुराने तयार होऊ शकते. नाव जागतिक असले तरी पहिल्या आवृत्त्यांत वारा मुख्यतः उत्तर युरोपचा होता, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही.

हे विधान तपासण्यासाठी मानकातले आकडेच पुरेसे आहेत. आयईसी ६१४००-१ यंत्रांचे तीन मुख्य वर्ग करते : वार्षिक सरासरी वारा सेकंदाला १० मीटर धरणारा पहिला, ८.५ मीटर धरणारा दुसरा आणि ७.५ मीटर धरणारा तिसरा. प्रत्येक वर्गात ५० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या दहा मिनिटांच्या कमाल वाऱ्याचा आकडा ठरलेला आहे, पहिल्या वर्गासाठी सेकंदाला ५० मीटर आणि तिसऱ्यासाठी ३७.५ मीटर. हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम धरली आहे, ती समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानाला असते तेवढी. आणि यंत्राने नेहमीप्रमाणे काम करायचे तापमान उणे १० ते अधिक ४० अंश असे मानले आहे. आता खानदेशचा एप्रिल-मे महिना डोळ्यांसमोर आणला तर अडचण लगेच कळते. पारा ४० च्या वर जाणे तिथे नित्याचे आहे, आणि ४५ अंशाला समुद्रसपाटीलासुद्धा हवेची घनता १.११ च्या आसपास उतरते, पठारावर त्याहूनही खाली. वाऱ्यातली ऊर्जा घनतेच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्यातून नऊ-दहा टक्के कमी वीज मिळते, आणि गिअरबॉक्स व नियंत्रणपेटी थंड ठेवण्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. शिवाय इथला वारा वर्षभर सारखा पसरलेला नसतो. वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांतच हाती येतो, आणि वार्षिक सरासरी हा एकच आकडा ही गोष्ट झाकून टाकतो.

मानकाने या परिस्थितीसाठी दार बंद ठेवलेले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तीन वर्गांबाहेर एस नावाचा विशेष वर्ग आहे, ज्यात वारा, घनता आणि तापमान यांची मूल्ये यंत्राचा रचनाकार स्वतः ठरवून जाहीर करतो. पण मुख्य वर्गात बसणे आणि विशेष वर्गात बसणे यांत व्यवहारात फरक पडतो, कारण विशेष वर्गाचे प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि खरेदीदाराला दोन यंत्रांची तुलना करणे अवघड होते. आपली परिस्थिती मुख्य मजकुरात आणायची असेल तर समितीत माणसे पाठवावी लागतात, मोजमापे घेऊन पाठवावी लागतात, आणि वर्षानुवर्षे पाठवावी लागतात. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत उष्णकटिबंधीय चक्रीवादळांसाठी सेकंदाला ५७ मीटर संदर्भ वाऱ्याचा टी हा पर्याय आला, आणि पूर्व आशियातील तुफानांचा प्रश्न त्यामुळे मुख्य कोष्टकात पोचला. कोरड्या उन्हाळ्याच्या पठारांना तशी जागा मिळालेली नाही.

भारताची वाट मधली आहे. चेन्नईला १९९८ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने पवन ऊर्जा तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले, जे आज राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था म्हणून ओळखले जाते. त्याने टॅप्स-२००० या नावाने यंत्रांच्या तात्पुरत्या मान्यतेची योजना तयार केली, जिच्यात आयईसीचा सांगाडा ठेवून भारतीय परिस्थितीसाठी काही अपेक्षा जोडल्या होत्या. सौरपटलांच्या बाबतीत भारतीय मानक ब्युरोने आयईसी ६१२१५ हे मानक आयएस १४२८६ म्हणून स्वीकारले, आणि २०१७ च्या आदेशाने अशा मानकांप्रमाणे नोंदणी बंधनकारक केली. म्हणजे ऐच्छिक कागदाचा कायदा होण्याची तीच वाट. या मानकाच्या चाचण्या कठोर आहेत : ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास, उणे ४० ते अधिक ८५ अंशांची २०० आवर्तने, आणि २५ मिलीमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळीचा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारा. मात्र पटलावर छापलेली क्षमता ज्या प्रमाण स्थितीत मोजतात तिच्यात पटलाचे तापमान २५ अंश धरलेले असते. साक्रीच्या उन्हात पटल ६० अंशांपर्यंत सहज तापते, आणि स्फटिक सिलिकॉनचे पटल दर अंशामागे सुमारे ०.४ टक्का क्षमता गमावते हे धरले तर छापील आकड्यातले १४ टक्के भर दुपारी हवेत जातात. हा मानकाचा दोष म्हणता येत नाही, कारण तुलनेसाठी कोणती तरी एक स्थिती ठरवावीच लागते. पण ग्रामपंचायतीच्या छतासाठी पटल घेणाऱ्याने तो आकडा विजेचे वचन समजू नये.

खानदेशचा दुसरा, अधिक परिचित संबंध केळीमुळे येतो आणि तो थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. केळी फार वाकडी नसावीत असे सांगणारा म्हणून थट्टेचा विषय झालेला १९९४ चा २२५७ क्रमांकाचा युरोपीय नियम हा मानक नव्हता, थेट कायदा होता, आणि त्यात किमान लांबी १४ सेंटिमीटर अशा मोजता येणाऱ्या अटीही होत्या. जळगावच्या बागायतदाराला युरोपच्या दुकानात पोचायचे तर याहून अधिक अडचण दुकानांच्या साखळ्यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या आणि आज ग्लोबलगॅप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खासगी मानकाची आहे, कारण तिथे अभिप्राय मागवणारी राष्ट्रीय समिती नसते आणि विक्रेत्यांचा संघ ठरवील तीच अट असते. युरोपीय एकरूपतेचे गोडवे गाताना या खासगी दालनाकडे दुर्लक्ष होते. पुढील प्रकरणांत त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागली ती याच कारणाने.

मानकाला कायद्याचे बळ मिळते तर ते वाचण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न युरोपात अलीकडे न्यायालयापर्यंत गेला आहे. डब्लिनमधल्या बॅलिमन येथील युवाकेंद्राच्या पायाभरणीत वापरलेल्या खडीवरून उद्भवलेल्या इलियट खटल्यात युरोपीय न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०१६ रोजी सुसंवादी मानक हे संघाच्या कायद्याचा भाग असल्याचे ठरवले, आणि ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात अशी मानके लोकांना पाहायला मिळण्यात वरचढ सार्वजनिक हित आहे असे म्हटले. मानक संस्था मात्र आपल्या प्रती विकूनच आपला खर्च भागवतात, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. भारतीय मानक ब्युरोने येथे तयार झालेली मानके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली आहे, आयएसओ आणि आयईसी यांच्याकडून जशीच्या तशी घेतलेली मानके मात्र या सवलतीबाहेर आहेत. त्यामुळे ठिबक सिंचनाच्या नळ्यांविषयीचे आयएस १२७८६ पिंपळनेरचा विद्यार्थी काहीही न मोजता वाचू शकतो, आणि त्याच्या गावालगतच्या पठारावर उभ्या असलेल्या यंत्राचे मानक वाचायचे तर त्याला ते विकत घ्यावे लागते.